हवा लागली की

आमच्या घरी स्टीलचा एक पेला आहे. त्याच्या काठाखाली आईने खिळ्याने तीन ठिपके पाडलेले आहेत. १९९१ साली बाबांना टीबी झाला तेव्हाची ही खूण. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, मोरी सामाईक, भांडी एकाच पाटीत विसळायची. त्यात बाबांचा पेला चुकून आम्हा मुलांच्या तोंडाला लागू नये म्हणून ते ठिपके. बाबा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवण्यात त्यांची उभी हयात गेली. औषधं त्यांनी एक दिवस न चुकवता घेतली, बरे झाले, आणि पेला पुन्हा इतर पेल्यांत गेला. "उजवीकडे वरच्या बाजूला डाग राहिलाय, तो राहणारच," असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते. डाग हा शब्द घरात रुळला. तो डाग म्हणजे लिंबाएवढी पोकळी आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

२०१४ च्या पावसाळ्यात बाबांच्या खोकल्यातून रक्त पडलं. घराजवळच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला, जुना डाग दिसला, आणि टीबी उलटला असं ठरलं. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा जंतू सापडले नाहीत. तरी औषधं सुरू झाली. इंजेक्शनांसकट आठ महिन्यांचा कोर्स. आईने न बोलता ठिपक्यांचा पेला शोधून काढला आणि पुन्हा वेगळा ठेवला. मी तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. रोज मुलांना बुरशीच्या प्लेटा दाखवत होते. थुंकीत टीबीचा जंतू नाही, औषधांनी ताप-खोकल्यात फरक नाही, जुनी पोकळी आहे, या तीन गोष्टी माझ्यासमोर होत्या आणि मला त्या जोडता आल्या नाहीत. याचं मला आजही वाईट वाटतं. हे लिहायला बसले त्यामागे तेही एक कारण आहे.

आठव्या महिन्यात पुन्हा रक्त पडल्यावर आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सीटी स्कॅन करायला सांगितला. फिल्म खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी मला बोलावलं. पोकळीच्या आत एक करडा गोळा होता आणि त्याच्या वरच्या अंगाला चंद्रकोरीएवढी काळी फट. ती फट म्हणजे हवा. मग बाबांना पालथं झोपवून काढलेली दुसरी फिल्म त्यांनी दाखवली. गोळा घरंगळून विरुद्ध बाजूला गेला होता. नारळ आतून सुकला की गोटा खोबरं कवटी सोडतं आणि हलवलं की खडखडतं, तसंच. रक्ताच्या तपासणीत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्यं भरपूर निघाली. टीबी केव्हाच गेला होता. त्याने कोरलेल्या खोलीत बुरशी वाढली होती.

ॲस्परजिलस फ्युमिगेटस. हे नाव मी एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये शेकडो वेळा प्लेटांवर लिहिलं होतं.

ते वर्ष २००५-०६ चं. डिसेंबर २००५ मध्ये 'नेचर' साप्ताहिकात या बुरशीचा संपूर्ण जनुकीय आराखडा छापून आला. ८ गुणसूत्रं, दहा हजारांच्या जवळपास जनुकं. आमच्या विभागात त्या अंकाची झेरॉक्स हातोहात फिरत होती. माझं काम मात्र अगदी साधं होतं. कॉलेजच्या मागच्या कंपोस्ट खड्ड्यातून माती आणायची, पाण्यात कालवून आगरच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीच्या, प्लेटांवर पसरायची आणि ४५ अंशांच्या उबवणपेटीत ठेवायची. एवढ्या उष्णतेत बहुतेक बुरश्या मान टाकतात. ही मात्र खुशाल वाढते. पालापाचोळा कुजताना ढीग आतून तापतो, हात घालवत नाही इतका. तिथे हिचं घर. झाडांचं मेलेलं अंग पचवून पुन्हा मातीत मिसळायचं, हे तिचं खरं काम. ती हे काम माणूस जन्माला येण्याच्या फार आधीपासून करत आली आहे.

पहिल्या दिवशी प्लेटवर श्वासाची वाफ बसावी तसा पुसट थर दिसायचा. दुसऱ्या सकाळी पिंजलेल्या कापसासारखे पांढरेशुभ्र तंतू. आणि संध्याकाळपर्यंत त्या पांढऱ्याच्या मधोमध एक ठिपका, धुरकट हिरवा. तो पाहतापाहता कडेपर्यंत पसरे. झाकण निष्काळजीपणे उघडलं तर त्या रंगाचा खरोखरच धूर उठायचा. फ्युमिगेटस म्हणजे धुरकटलेला. हे नाव जर्मनीतल्या फ्रेसेनियसने १८६३ मध्ये दिलं. ॲस्परजिलस हे नाव त्याहून जुनं. १७२९ साली फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाला भिंगाखाली देठावरचा तो गोल गड्डा आणि त्याभोवतीच्या माळा दिसल्या आणि चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायची झारी आठवली. तो स्वतः पाद्री होता. आपल्याकडचा कुणी असता तर त्याने आंब्याच्या डहाळीचं नाव दिलं असतं.

मी पहिल्यांदा भिंगातून पाहिलं तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे. कापसातून एक देठ सरळ वर आला होता, काचेच्या नळीसारखा. टोकाला तो फुगला होता. त्या फुगीर डोक्याच्या वरच्या अर्ध्या भागावर बाटलीच्या आकाराच्या पेशी दाटीवाटीने उभ्या, आणि प्रत्येक बाटलीच्या तोंडातून बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या बीजासारख्या कणांची, माळ निघालेली. नवा बीजाणू खालून तयार होतो आणि आधीच्याला वर ढकलतो. म्हणजे माळेत सर्वांत जुना तो सर्वांत वर. एकेकाचा व्यास दोन-तीन मायक्रॉन. कापसाने हे कधी आणि कसं ठरवलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि तो आजतागायत सुटलेला नाही.

बाबांच्या आजाराचं निदान झाल्यावर त्यांनीही मला या बुरशीबद्दल विचारलं. ते वाचणारे गृहस्थ. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं लिखाण उलट्या अक्षरांत वाचलेलं. "माझ्या छातीत काय आहे ते नीट सांग. औषधाचं नाव नको, त्याचं सांग." मग रोज संध्याकाळी चहानंतर आमची शिकवणी सुरू झाली.

मी त्यांना ग्लासगोच्या जॉन क्लटरबक या शास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. त्याने १९६९ मध्ये हिच्याच एका बहुतांशी निरुपद्रवी बहिणीवर, ॲस्परजिलस निड्युलन्सवर, एक मोठं काम प्रसिद्ध केलं. बीजाणू नीट तयार न करणारे बिघडलेले वाण गोळा करायचे आणि बिघाड नेमका कुठल्या पायरीवर झालाय ते पाहायचं. एका वाणात देठ नुसताच वाढत राहायचा, डोकं धरायचाच नाही. सगळी प्लेट ब्रशच्या राठ केसांसारखी दिसायची. त्या जनुकाला त्याने ब्रिसल, म्हणजे राठ केस, म्हटलं, आपण ब्रल-ए म्हणतो. दुसऱ्यात डोकं यायचं, पण बाटल्यांतून बीजाणूंऐवजी नुसत्या गाठी निघायच्या, मणी सरकवून मोजायच्या पाटीसारख्या. ते ॲबॅकस, अबा-ए. तिसऱ्यात बीजाणू व्हायचे, पण बिनरंगाचे आणि कच्च्या भिंतीचे. थोड्याच दिवसांत ते विरघळून डोक्यावर पाण्याचे थेंब साचायचे. ते वेट-ए. पुढे कळलं, की या तिघांची एक साखळी आहे. ब्रल-ए जागं झालं की ते अबा-एला जागं करतं, अबा-ए वेट-एला. त्रिकूट फ्युमिगेटसमध्येही तेच आहे आणि कामही तेच करतं.

बाबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "अगं, म्हणजे छापखानाच की. आधी जुळणी, मग छपाई, मग वाळवण. शाई वाळायच्या आधी थप्पी लावली तर सगळा कागद चिकटून राडा होतो. ते तुझं तिसरं, ओलं, ते वाळवण करणारं."

मी वर्गात कित्येक वर्षं वेट-ए शिकवत होते. इतक्या नेमकेपणाने मला ते कधी सांगता आलं नव्हतं.

"आणि छपाई झाल्यावर फर्मा सोडवून खिळे परत घरांत टाकतात. ते कोण करतं?" त्यांनी लगेच विचारलं. तेही होतं, हे मी सांगितलं. बीजाणू पक्का झाला की वॉस-ए नावाचं एक प्रथिन ब्रल-एला गप्प बसवतं. नाहीतर बीजाणू झोपणारच नाही. बाबांना ते पटलं. खिळे घरांत परत न टाकणाऱ्या माणसाला त्यांच्या छापखान्यात थारा नव्हता.

पण ब्रल-एला कोण उठवतं? माझ्या लेखी सगळ्यांत विलक्षण भाग हा आहे. ब्रल-एच्या वर आणखी जनुकांची एक फळी आहे. त्यातलं एक बिघडलं की बुरशी बीजाणूंकडे वळतच नाही, नुसती कापसासारखी वाढत राहते. म्हणून त्या वाणांना फ्लफी म्हणतात. निड्युलन्समध्ये फ्लू-जी नावाचं जनुक बाहेर एक रासायनिक निरोप सोडतं. ते बिघडलेला पांढरा वाण धडधाकट वाणाशेजारी वाढवला, की जिथे दोघांच्या कडा भेटतात तिथे पांढऱ्यालाही हिरवे बीजाणू येतात. शेजाऱ्याचा निरोप त्याला पुरतो. पण नुसत्या निरोपाने भागत नाही. तंतूंचं वय व्हावं लागतं. निड्युलन्सला साधारण अठरा-वीस तास वाढ झाल्याशिवाय कितीही सांगा, ती ऐकत नाही. आणि शेवटची अट हवेची. बुरशी द्रवात बुडवून, भरपूर खाऊपिऊ घालून हलवत ठेवली तर ती फक्त तंतू वाढवते. तेच तंतू गाळून कोरड्या पृष्ठभागावर ठेवले, त्यांना हवा लागली, की काही तासांत देठ वर येऊ लागतात.

१९८८ मध्ये अमेरिकेत टिंबरलेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. ब्रल-ए जनुकाला त्यांनी दुसऱ्याच एका जनुकाचं बटण जोडलं, म्हणजे हवं तेव्हा बाहेरून दाबता येईल असं. मग बुडवलेल्या बुरशीत ते दाबलं. जिथे बीजाणू कधीच होत नाहीत अशा द्रवात तंतूंनी वाढ थांबवली आणि टोकांना बीजाणू धरले. हवा नाही, भूक नाही, नुसतं एक जनुक. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. एवढं मोठं स्थित्यंतर एका खटक्यावर टांगलेलं, आणि तो खटका एरवी हवेची वाट बघत बसलेला.

आता हे माणसाच्या शरीरात नेऊन पाहा. रक्ताच्या कर्करोगाच्या उपचारांनी ज्याच्या पांढऱ्या पेशी संपल्यात, ज्याचा अवयव बदललाय, जो दीर्घकाळ स्टेरॉइडवर आहे, अशा माणसाच्या फुफ्फुसात बीजाणू रुजला तर तंतू मांसात शिरतात, रक्तवाहिन्या फोडतात. हा आजार जीव घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये धोकादायक बुरश्यांची पहिली यादी केली, तेव्हा सर्वांत वरच्या गटातल्या चारांत हिला घातलं. पण अशा रुग्णाच्या ऊतीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर दिसतात ते फक्त तंतू, कोनात फांद्या फुटलेले. देठ नाहीत, डोकी नाहीत, बीजाणू नाहीत. मांस ओलं, अन्न मुबलक, हवा नाही. ब्रल-ए झोपलेलं. म्हणजे माणसाच्या मांसात शिरलेल्या बुरशीला तिथून पुढे वाट नाही. ती त्याच्याबरोबर संपते. म्हणूनच हा आजार खोकल्यातून एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही.

यावरून एक सांगायलाच हवं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत पुण्यात काळ्या बुरशीने लोकांचे डोळे गेले, जबडे गेले. ती म्युकरमायकोसिस, वेगळ्याच कुळातली बुरशी. मग पांढरी बुरशी आली, पिवळी आली, आणि व्हॉट्सॲपवर रंगांची भीती सुरू झाली. ते रंग निरर्थक होते. प्लेटवरच्या बुरशीचा रंग बहुधा तिच्या बीजाणूंचा असतो, आणि मांसात बीजाणू नसतात. रुग्णाच्या टाळूवर दिसणारा काळा भाग बुरशीचा नव्हेच, तो रक्त न पोहोचल्याने मेलेल्या ऊतीचा. आमच्या सोसायटीत तेव्हा लोक लोणच्यावरची बुरशी पाहून घाबरून फोन करायचे आणि मी एकेकाला हे समजावत बसायचे.

पण बाबांची गोष्ट वेगळी होती. ती पोकळी श्वासनलिकेला जोडलेली. तिथे हवा होती. मांसात न मिळणारी ती एक गोष्ट टीबीने करून ठेवली होती. हवेशी संबंध असलेल्या अशा पोकळीत बुरशी कधीकधी पूर्ण रूप धरते, देठ, डोकी, माळा, सगळं. कानात बुरशी झालेल्यांच्या कानातही ते दिसतं. फिल्मवरची ती चंद्रकोर मी कितीतरी वेळा पाहिली. डॉक्टर तिच्यावरून निदान करतात. मला तिच्यात ब्रल-ए दिसायचं.

बाबांनी विचारलं, "मग माझ्याकडून तुम्हाला होईल?"

नाही, बाबा. तसे बीजाणू आपण सगळेच रोज शेकड्यांनी हुंगतो, लक्ष्मी रोडवर उभं राहून आणि देवघरात बसूनही. बीजाणूवर एक पाणी न धरणारं पापुद्र्यासारखं प्रथिन असतं. त्यामुळे तो ओला होत नाही, तरंगतो, आणि शरीराच्या पहारेकऱ्यांनाही ओळखू येत नाही. २००९ मध्ये हे दाखवलं गेलं, की ते पांघरूण काढलं तर आपल्या पेशी लगेच खडबडून जाग्या होतात. त्याखालचा धुरकट हिरवा रंग म्हणजे मेलॅनिन. त्याने उन्हापासून बचाव होतो आणि गिळणाऱ्या पेशीच्या पोटातल्या आम्लापासूनही. उबदार ओलीत बीजाणू फुगायला लागला की ते पांघरूण सुटतं, आणि तेव्हा धडधाकट माणसाच्या पेशी त्याला संपवतात. बाबांच्या पोकळीत हे पहारेकरी पोहोचतच नव्हते. तिथल्या भिंतीला जिवंत म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं.

त्या रात्री आईने तीन ठिपक्यांचा पेला स्वयंपाकघरातल्या फळीवर इतर पेल्यांत ठेवला. मला किंवा बाबांना काही न विचारता.

औषध सुरू झालं ते इट्राकोनॅझोल. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं, की इट्राकोनॅझोल रक्तात टिकतच नाही. म्हणजे 'दोन्ही देऊन टाकू' हा मार्ग नाही. आधी नक्की काय आहे ते ठरवावंच लागतं. कॅप्सूल जेवणावर घ्यायची, कारण ती विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. बाबांची पंधरा वर्षांची ॲसिडिटीची गोळी त्यासाठी बंद झाली. मधे एकदा रक्त थांबेना, तेव्हा मांडीतून नळी घालून ती रक्तवाहिनी बुजवली. फुफ्फुसाची ताकद कमी, म्हणून शस्त्रक्रिया झाली नाही. गोळा अजून आहे. रक्त मात्र पुन्हा पडलेलं नाही.

जगातले एक चतुर्थांशाच्या आसपास टीबीचे रुग्ण आपल्या देशात आहेत. बरे झालेल्यांपैकी किती जणांच्या छातीत पोकळी उरली असेल? १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये टीबीनंतर मोठी पोकळी राहिलेल्या लोकांची पाहणी झाली, तेव्हा चारांतल्या एकाच्या रक्तात ॲस्परजिलसविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली होती. आपल्याकडे टीबी होऊन गेलेला माणूस पुन्हा खोकू लागला, रक्त पडलं, आणि थुंकी स्वच्छ निघाली, तर बुरशीची रक्ततपासणी मागून घ्या. डॉक्टरांना सुचलं नाही तर तुम्ही सुचवा. बाबांचे आठ महिने एवढ्यासाठी गेले.

दुसरी काळजी शेतातली. द्राक्षावरची भुरी, म्हणजे बुरशीचाच एक रोग, आटोक्यात ठेवायला जी ट्रायॅझोल गटातली औषधं फवारतात, ती आणि बाबांची कॅप्सूल एकाच घराण्यातली. फवाऱ्याखाली टिकून राहिलेली बुरशी ब्रल-एच्या खटक्यावर स्वतःच्या लाखो हुबेहूब प्रती हवेत सोडते. औषधाला दाद न देणारे असे वाण नेदरलँड्समध्ये सापडले, आणि २०१२ मध्ये भारतातूनही त्यांची नोंद झाली. कधीही गोळी न घेतलेल्या माणसाच्या छातीत आधीच सरावलेली बुरशी शिरू शकते. शेतकऱ्याला दोष देऊन हे सुटणार नाही, त्याचीही बाग जाते. पण फवारणीचं आणि दवाखान्याचं औषध ठरवणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायला हवं असं मला फार वाटतं.

आता आम्ही कोथरूडला राहतो. ओला कचरा सोसायटीतच जिरवतात. गच्चीवर कंपोस्टचे तीन पिंप आहेत. ते सुरू केले बाबांनी. दर रविवारी खुरप्याने ढीग खालीवर करायचे, आतली वाफ हाताने अजमावायचे. "तापलाय बघ," म्हणायचे, जसं काही भात शिजतोय. निदान झाल्यावर डॉक्टरांनी पहिली बंदी घातली ती याच्यावर. हिचं घर तेच, हे मला त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. खुरपं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि काही बोलले नाहीत.

दर रविवारी मी मास्क लावून वर जाते. ढिगावर आधी झारीने पाणी शिंपडते, कोरडे बीजाणू उडू नयेत म्हणून. मग खालचा थर वर घेते. मधे गुलमोहराची पानं राखाडी झालेली असतात, बोट लावलं तर ठसा उमटेल अशी. तळाशी काळी, भुसभुशीत, पावसाच्या वासाची माती झालेली असते. मूठभर माती डब्यात घेऊन खाली येते. बाबा खिडकीशी बसलेले असतात, काच लावून. मला पाहिलं की भुवया उंचावून दोन बोटं वर नेतात. धूर?

मी मान हलवते. ओलं करून घेतलं होतं. मग ते कुंडीकडे बोट दाखवतात, आणि मी काचेच्या या बाजूला, ते सांगतील त्या झाडाला माती घालते.